डांगर पच्चडी उकळत नाहीत

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि ती एका उत्तराची केली. उत्तर माझ्या काकांच्या मुलीचं, तुळजाचं होतं. बाकावर माझ्या शेजारी बसून, माझी भीती जावी म्हणून तिने ते मला सांगितलं आणि दहा मिनिटांनी मी आत जाऊन पाच मोठ्या माणसांसमोर ते माझं म्हणून ठेवलं. वर ते खरं वाटावं म्हणून मला स्वयंपाक येतो अशी थाप मारली. माझी डॉक्टरकी ह्या दोन गोष्टींवर उभी आहे. आता केस पांढरे व्हायला लागलेत, गुडघे कुरकुरतात, एखादा पेशंट हात जोडून देवमाणूस वगैरे म्हणतो, तेव्हा मी घाईघाईने मान खाली घालून औषधं लिहायला लागतो. बायकोला तो विनय वाटतो. तिने हे प्रकरण वाचलं की तिचा गैरसमज दूर होईल.

आम्ही तेव्हा मद्रासला, वेस्ट मांबलममध्ये राहत होतो. स्टेशनापासून चालत सात मिनिटं, संध्याकाळी डास मागे लागले तर पाच. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते आणि काका शाळेत भूमितीचे मास्तर. दोघा भावांचे संसार एका घरात, एका चुलीवर, आणि ती चूल माझ्या आईच्या, अम्माच्या ताब्यात. काकू फार लवकर गेल्या, त्यामुळे तुळजालाही अम्मानेच वाढवलं. ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. त्या चार महिन्यांपायी मला तिला जन्मभर अक्का म्हणावं लागलं. आमचं घराणं तंजावरचं. आमची मराठी तिकडची, जुनी, तमिळच्या चालीवर हेलकावे घेत चालणारी. पुण्याकडचा माणूस ती ऐकून आधी हसतो आणि मग विचारतो की तुम्ही नक्की कुठले. पण मद्रासमध्ये ती आमच्या फार उपयोगाची होती. बसमध्ये, भाजीवालीसमोर, लग्नाच्या पंगतीत, शेजारच्या माणसाबद्दल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात काहीही बोलता यायचं. पडदा ओढून आत बसल्यासारखं वाटायचं. अम्मा तर समोरच्या घरातल्या तमिळ मामींच्या तोंडावर, त्यांच्याच घरी, हसतमुखाने म्हणायची, "हिची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी." मामी तो स्तुतीचा शब्द समजून पेल्यात आणखी ओतायच्या.

इंटरची परीक्षा झाली आणि तुळजाने व मी दोन मेडिकल कॉलेजांत अर्ज केले. एक शहरातलं जुनं सरकारी कॉलेज. तिथे पहिली दोन वर्षं हाडं, प्रेतं आणि बेडूक. जिवंत रोगी तिसऱ्या वर्षी दिसायचा, तोही लांबून. दुसरं शहराबाहेरचं, एका ट्रस्टने नुकतंच काढलेलं. त्यांची रीत उलटी. तिथे पहिल्याच महिन्यात प्रत्येक विद्यार्थ्याला जवळच्या वस्तीतलं एकेक कुटुंब नेमून द्यायचे. त्या घरी जायचं, पाणी कुठून येतं ते बघायचं, तान्ह्या मुलाचं वजन करायचं आणि हाडांची नावं त्याच्या जोडीने शिकायची. ह्या दोन रीतींवरून आमच्या घरात जे रण माजलं त्याला तोड नाही. दोन्हीपैकी एकाही कॉलेजने आम्हाला अजून विचारलेलं नव्हतं, पण आम्ही त्यांना नाकारायला सुरुवात केली होती. काका जुन्या रीतीचे. "आधी व्याख्या, मग प्रमेय, मग उदाहरण," ते जेवताना भाताच्या ढिगात बोटाने त्रिकोण काढत म्हणायचे. "रोगी म्हणजे उदाहरण. उदाहरणापासून सुरुवात करणारा विद्यार्थी नापास होतो. मी पाहिलेत."

नानांना जुनं कॉलेज नको होतं, कारण प्रेताला हात लावून आलेला मुलगा देवघरात कसा जाणार. अम्माचा प्रश्न साधा होता. "दोन वर्षं मेलेल्यांशीच बोलणार, तर जित्यांशी बोलायचं कोण शिकवणार?" समोरच्या मामींनी सांगितलं की कुठलंही कॉलेज घ्या, पण ज्याच्या दारात बस थांबते ते घ्या.

ह्या गदारोळात तुळजा काही बोलायची नाही. तिचं सगळं पणाला लागलं होतं आणि ते तिला माहीत होतं. काकांनी तिला एकच संधी दिली होती. यंदा नाव लागलं तर शिकायचं. नाही लागलं तर कुंभकोणमच्या एका घरून विचारणा आलीच होती, मुलगा बँकेत, घरी दोन गाई. मला मात्र कितीही वर्षं नापास व्हायची मोकळीक होती. तेव्हा ते मला नैसर्गिक वाटलं.

जुन्या कॉलेजची मुलाखत तीन मिनिटांत उरकली; त्यांनी फक्त आमचे मार्क मोठ्याने वाचून दाखवले. नव्या कॉलेजची मुलाखत मात्र वेगळीच. इंग्रजी अकारविल्हे नावं होती, त्यामुळे मी रघुनाथ आधी आणि ती तुळजाबाई माझ्यानंतर. व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ, अंगात बंद गळ्याचा कोट, हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेत. मी घाबरलो की मला माणसांची थट्टा सुचते. "अक्का," मी आमच्या मराठीत म्हणालो, "ह्या म्हाताऱ्याच्या कानातले केस बघ. तेल लावून भांग पाडता येईल."

"वेणी पण येईल," तुळजा पुढे बघत म्हणाली. "गप्प बस. नातवाला घेऊन आला असेल बिचारा."

एवढ्यात आतून एक मुलगा घामाने निथळत बाहेर आला. त्याने सांगितलं, आत मार्क विचारत नाहीत, डॉक्टरला कसं शिकवलं पाहिजे असं विचारतात, आणि स्वतःच्या शब्दांत सांगा म्हणतात. माझ्याकडे स्वतःचे शब्द नव्हते. काकांचा त्रिकोण तेवढा होता, आणि तो इथे चालणार नाही एवढी अक्कल होती. मी तुळजाचं मनगट धरलं. "अक्का, काय सांगू? लवकर बोल."

तिने पदराने मला वारा घातला आणि म्हणाली, "कसाला भितोस? मी तर अम्माचं सांगणार. अम्माने मला स्वयंपाक शिकवला तो चुलीपासून नाही. आधी एक वर्ष नुसतं वाढायला लावलं. पंगतीत पानांकडे बघ म्हणाली. कोण काय पानात टाकतं, कोण लाजून मागत नाही, कोणाला तिखट सोसत नाही आणि तरी खातो. ते कळल्यावर चुलीशी घेतलं. मग मीठ किती घालायचं ते मला कोणी सांगावंच लागलं नाही. डॉक्टरलाही आधी वाढायला लावावं. तू तुझं काहीतरी असंच बघ ना, घरातलं."

आमच्या घराण्यात मुलींना खरोखर असंच शिकवत. मी अठरा वर्षं त्या पंगतीत बसून जेवलो होतो आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आजही मला वाटतं की वैद्यकाच्या शिक्षणाबद्दल ह्याहून नेमकं कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही, आणि मी ह्या विषयावरच्या पुष्कळ सभांना झोपलेलो आहे.

माझं नाव पुकारलं. आत चार जण बसले होते. मी खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच मागचं दार उघडलं आणि बंद गळ्याच्या कोटातले म्हातारे आत येऊन पाचव्या खुर्चीवर बसले. मग मी स्वतःला समजावलं की आम्ही मराठीत बोललो, ह्यांना काय कळणार. अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. देवाशपथ सांगतो, मी आत्याचं बाळंतपण की काय ते सांगायचं ठरवून तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते तुळजाचं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या मिठापर्यंत, इंग्रजीत. फक्त 'मला' वाढायला लावलं, 'मी' पानं बघितली. अध्यक्ष खूश होऊन पुढे वाकले. "म्हणजे तुला स्वयंपाक येतो?"

"हो सर. सगळा."

तेव्हा ते म्हातारे पहिल्यांदा बोलले, मऊ आवाजात, इंग्रजीत. "डांगर पच्चडी येते?"

आता डांगर म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ. ते ताकात कालवायचं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची, झाली पच्चडी. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा व्हायची. मी ती हजारदा खाल्ली होती. "हो सर," मी म्हणालो. "पीठ ताकात घालायचं आणि चुलीवर चांगलं अर्धा तास उकळायचं."

म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. बाकी चौघांनी ते लिहून घेतलं.

तुळजा माझ्यानंतर आत गेली आणि चार मिनिटांत बाहेर आली. ट्रेनमध्ये मी विचारलं, कसं झालं. ती खिडकीतून बघत म्हणाली, "मी सुरुवात केली तर ते हसले. म्हणाले, हे तुझा भाऊ आत्ताच सांगून गेला, तू त्याच्याकडून ऐकलंस का?"

"मग?"

"मी हो म्हणाले." स्टेशन आलं तशी ती उठली. मग म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर तुला बोलावून विचारलं असतं. आणि तुला खोटं बोलता येत नाही. दोघांचंही गेलं असतं."

त्यानंतरचे पाच आठवडे मी विसरू शकत नाही. उन्हाळा मांबलमच्या गटारांतून वर येत होता. मामींची मुलगी वीणेवर एकच धडा वाजवायची आणि त्याच जागी चुकायची. दर पंधरा मिनिटांनी विजेची गाडी भोंगा वाजवत जायची. पोस्टमन दिसला की नाना कचेरीचा कोट घालून दारात उभे राहायचे, कारण सरकारी पत्र बनियनवर घ्यायचं नाही. काकांनी फळ्यावर दोन रकाने आखले होते, जुनी रीत आणि नवी रीत, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी एक मुद्दा वाढवायचं. मी मात्र स्वयंपाकघरात शिरलो. मला असं वाटू लागलं की पत्र येण्याआधी मला स्वयंपाक आला, तर मी बोललो ते खोटं राहणार नाही. देवही एवढी सवलत देत असेल. पहिल्या दिवशी मी अम्माकडे उलथनं मागितलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी मोहरी जाळली. तिसऱ्या दिवशी मी रस्सम केलं आणि नानांनी ते औषध समजून डोळे मिटून एका दमात घेतलं.

"ह्याला झालंय काय?" काका म्हणाले.

"नव्या कॉलेजात घरोघर जावं लागतं ना," अम्मा कौतुकाने म्हणाली, "म्हणून तयारी करतोय माझा सोन्या."

तुळजा दारात उभी राहून कांदा चिरणाऱ्या माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "डांगर पच्चडी कधी करणार?" तिने विचारलं. मी तिला त्या प्रश्नाबद्दल सांगितलं नव्हतं. तिला आत गेल्यावर कुणीतरी विचारलं असणार. मी विचारायचं धाडस केलं नाही, आणि तीही वाट न बघता निघून गेली.

जुन्या कॉलेजने दोघांनाही नाकारलं. त्या संध्याकाळी काकांनी जुन्या रीतीचा रकाना पुसला. आठवड्याने नव्या कॉलेजचं माझ्या नावाचं पाकीट आलं. तुळजाच्या नावाचं कार्ड आलं. त्यात दोन ओळी होत्या आणि दुसरीत खेद होता. अम्माने त्या दिवशी माझ्यासाठी गोड पोळ्या केल्या. त्या लाटल्या तुळजाने. "मुलींच्या जागा किती थोड्या," सगळे म्हणाले. "आणि रघूचे फिजिक्सचे मार्क जास्त." मी ते दोन्ही मुद्दे पाठ केले आणि हॉस्टेलवर घेऊन गेलो.

पहिल्याच महिन्यात आम्हाला वस्तीवर नेलं. बरोबर बंद गळ्याचा कोट होता. ते म्हातारे म्हणजे डॉक्टर सेतुराव, आमचे प्राध्यापक. एका झोपडीच्या ओट्यावर मी तान्ह्या मुलाला झोळीत घालून वजन करत होतो आणि ते काट्याकडे बघत होते. काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, आमच्याच मराठीत, तंजावरच्या हेलात: "काय रे, डांगर पच्चडी उकळतात काय तुमच्या घरी?"

मूल माझ्या हातून पडलं नाही एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू.

"तुम्हाला मराठी येतं?" मी म्हणालो. इतका मूर्ख प्रश्न मी पुढे कधीही विचारला नाही.

"माझ्या कानात केस आहेत, पण ऐकू येतं." त्यांनी मुलाचं वजन वहीत लिहिलं. "ते उत्तर त्या मुलीचं होतं. मी बाकावर ऐकलं. मला वाटलं, ती आत येऊन सांगेल की ते माझं आहे. मी वाट बघितली. म्हणून तर तिलाही पच्चडी विचारली. तिने बरोबर सांगितली. पण अध्यक्षांनी विचारल्यावर ती सरळ म्हणाली, भावाकडून ऐकलं. उसन्या उत्तराला मार्क कसे द्यायचे?"

"तुम्ही सांगायचं होतं, सर."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर बाहेर बसून मुलांचं चोरून ऐकतो हेही सांगावं लागलं असतं. ती माझी फार जुनी सवय आहे. वेणीचंही सांगावं लागलं असतं. मला लाज वाटली. तू तरुण आहेस, तू लाज सोड."

मी त्याच रविवारी घरी गेलो. लाज सोडायची तर एका दमात सोडावी, म्हणून स्टेशनापासून पळतच निघालो आणि बाहेर अनोळखी चपला दिसल्या तरी थांबलो नाही. आत कुंभकोणमची मंडळी बसली होती. मुलगा, त्याची आई आणि मामा. समोर बशांमध्ये सोज्जी आणि बज्जी, म्हणजे शिरा आणि भजी. आमच्या मुलखात मुलगी बघण्याचा कार्यक्रम ह्या दोन पदार्थांवाचून होत नाही. तुळजा खाली मान घालून कॉफीचे पेले मांडत होती. मी दारातच उभा राहून सगळं बोललो. बाक, उत्तर, स्वयंपाक, उकळलेली पच्चडी. हे बोलताना मी मराठीत बोलत होतो आणि पाहुण्यांना कळणार नाही अशा समजुतीत होतो. पाहुणे आमच्याइतकेच मराठी होते. मुलाचे मामा हातातली बज्जी बशीत परत ठेवून म्हणाले, "म्हणजे मुलीला डॉक्टर व्हायचंय? आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"अर्धा तास उकळली?" मुलाच्या आईला तेवढंच ऐकू आलं होतं.

मुलगा हसला. तो मोकळा हसला हे मला आठवतं. मग मी हात जोडून काकांची क्षमा मागितली, नानांची मागितली, अम्माची मागितली, चोरली ती तिचीच शिकवण म्हणून. भरात पाहुण्यांचीही मागितली. मंडळी कॉफी घेऊन उठली आणि परत आली नाहीत. काकांनी चष्मा पुसला, फळ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकीच्या पक्षावरून काढलेला निष्कर्ष रद्द. तुळजा, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बस." ती बसली आणि तिचं नाव लागलं, जुन्या सरकारी कॉलेजात. ज्या रीतीच्या विरुद्ध तिने ते उत्तर शोधलं होतं, त्याच रीतीने ती शिकली, आणि पुढे तिथेच शरीररचनाशास्त्राची प्राध्यापिका झाली. तिच्याबरोबर शिकलेल्या एका सर्जनशी तिने लग्न केलं. भेटलो की आमचं भांडण ठरलेलं. ती म्हणायची मला मनगटातली हाडं ओळीने सांगता येत नाहीत, आणि ते खरं होतं. मी म्हणायचो तिला पेशंटच्या सासूशी बोलता येत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की हिशेब मिटला. रात्री कधी टोचायचं ते एवढंच, की त्या रविवारी मी घरभर क्षमा मागितली, ती तुळजाची सोडून. तिच्याकडे मी बघितलंही नव्हतं. गेल्या वर्षी मी ठरवलं आणि तिच्या घरी गेलो. ती उत्तरपत्रिका तपासत होती. मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. उत्तर चोरल्याबद्दल, वर्ष वाया घालवल्याबद्दल. ती चष्म्यावरून बघत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ते मी तेव्हाच सोडलं," ती म्हणाली. "तू भेदरला होतास. चिमणीसारखं हृदय उडत होतं तुझं, मनगट धरलंस तेव्हा मला कळत होतं. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा."

"कशाचा?"

"त्या रविवारचा. तो मुलगा वाईट नव्हता, रघू. त्याने आल्याआल्याच मला विचारलं होतं, तुम्ही काय वाचता. मी कॉफी दिल्यावर त्याला विचारणार होते, लग्नानंतर शिकू द्याल का. वाक्य तयार होतं माझं. तेवढ्यात तू दारात येऊन कीर्तन सुरू केलंस." तिने पेन खाली ठेवलं. "तो हो म्हणाला असता की नाही, कोण जाणे. नसताही म्हणाला. मला माझ्या घरी काही कमी नाही, तू जाणतोस. पण प्रश्न माझा होता. सगळे म्हणाले रघूने तुळजाला वाचवलं. मला कोणी विचारलं नाही, वाचवू का म्हणून."

माझं भाषण संपलेलं होतं आणि त्यातला एकही शब्द इथे उपयोगाचा नव्हता. पंखा फिरत होता. तिने मला पाणी विचारलं नाही, आणि ते बरं झालं, नाहीतर मी पाणी पिऊन उठलो असतो.

"अक्का," मी म्हणालो, "तुझं उत्तर घेताना मी तुला विचारलं नाही. ते परत करतानाही विचारलं नाही. दोन्ही वेळा मी फक्त माझी सुटका करून घेत होतो. माझं चुकलं. मला माफ कर."